चौऱ्याऐंशी जोड

सोमवार हा आमचा सुट्टीचा वार. बाकीचे सहा दिवस आम्ही लोकांची दारं वाजवायची, लोकांनी ती आमच्या तोंडावर लावायची आणि सोमवारी हे सगळं घरी कळवायचं, असा शिरस्ता होता. कपडे धुऊन झाले की मी आणि एल्डर कोंदार्को कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जायचो. चर्चनं दोन वर्षांसाठी पेरूत धाडलेल्या आम्हा पोरसवदा प्रचारकांना एल्डर म्हणतात, आणि आम्ही जोडीनं फिरतो. कोंदार्को माझा जोडीदार, बोलिव्हियातल्या ओरुरोचा. तो आईला तीन ओळी लिहायचा, "बरा आहे. जेवतो. स्वेटर पोचला," आणि उरलेला वेळ फुटबॉलचे निकाल बघायचा. ते बघायला आम्हाला मनाई होती, पण तो प्रश्न त्याचा आणि देवाचा. मी मात्र तासभर टंकत बसायचो, कारण माझं पत्र एकट्या आईला जात नव्हतं. आयडाहोतल्या आमच्या गावात ती ते दोनशे बारा जणांना पुढे पाठवायची. चांगलं असलं तर बिशप ते रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवायचे.

चांगलं असलं तर. पहिल्या चौदा महिन्यांत एकदाही वाचलं नाही.

आमच्या शेजारचा कोर्बिन त्याच वेळी प्रचाराला घानात होता. "कोर्बिननं या महिन्यात पाच जणांना बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरवलं म्हणे," आई फोनवर सांगायची. "आणि लिहितो किती सुरेख! वाचता वाचता बिशपांचा गळा दाटून आला." माझ्या पत्रात काय होतं? एका कुत्र्यानं माझी पँट फाडली, एका आजीबाईनं आम्हाला पाणी खात्याची माणसं समजून तासभर तक्रार ऐकवली. कोणाचा गळा दाटावा असं त्यात काही नव्हतं. हसू आलं असतं, पण आमच्या घरात देवाच्या कामाला हसत नाहीत.

त्रुहियोतल्या एल पोर्वेनिर भागात दर दुसऱ्या घरात जोडे बनतात. गल्लीत शिरलं की चामड्याचा आणि सोल्युशनचा वास नाकात बसतो तो अंथरुणापर्यंत येतो. तिथल्याच एका घरी आम्ही रोज दुपारी जेवायचो. जेवण घालणाऱ्या बाईला पेरूमधले सगळे एल्डर मामिता म्हणतात. आमच्या मामिताचं नाव नेलिदा. जेवणाचे पैसे तिला दर महिन्याला मिळायचे, आणि ती वाढायची मात्र पोटच्या पोरांना वाढावं तसं. "एवढासाच भात? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" असं म्हणून ताटात दुसरा डोंगर.

तिचा नवरा सेगुंदो चावारी, सगळ्यांचा मास्तर. खालच्या मजल्यावर त्याचं दुकान, हाताखाली चार कारागीर. शाळेचे जोडे आणि बायकांच्या सपाता, शिलाई अशी की बघत राहावं. मामिता नऊ वर्षांपूर्वी आमच्या चर्चमध्ये आली, मास्तर आला नाही.

"तुमच्या देवाशी माझं भांडण नाही," तो चामडं कापायची रापी चालवता चालवता म्हणायचा. "भांडण तुमच्या लोकांशी आहे, गोऱ्या. दोन वर्षं येता, आमच्याकडे बघता, आणि घरी जाऊन सांगता की तिथले लोक किती गरीब, पण किती आनंदी! मी गरीब नाही. आणि आनंदी तर मुळीच नाही, चिनी जोड्यांनी धंदा बसवलाय."

मग तो पाघळला तो लेकीपायी. लुसेरो जूनमध्ये आठ वर्षांची होणार होती. आमच्यात आठव्या वर्षी मुलांचा बाप्तिस्मा होतो, आणि बाप चर्चमधला असला तर लेकराला पाण्यात तोच धरतो. लुसेरोनं एकदा जेवताना विचारलं, "बाबा, मला तुम्हीच धरणार ना?" मास्तरनं घास खाली ठेवला. पुढच्या आठवड्यात त्यानं सिगरेट सोडली; आमच्यात ती आणि कॉफी, दोन्ही वर्ज्य. त्यानंतर कॉफी सोडली, आणि ती सोडताना चार दिवस सगळ्या दुकानाला शिव्या खाव्या लागल्या. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी त्याचा बाप्तिस्मा ठरला. मग त्याला लेकीला पाण्यात उतरवायचा अधिकार मिळणार आणि जूनमध्ये लुसेरोचा बाप्तिस्मा त्याच्या हातून होणार. नऊ वर्षं मामितानं देवाकडे एवढंच मागितलं होतं. तारीख ठरली त्या दिवशी तिनं आमच्या ताटात कोंबडीच्या दोन-दोन तंगड्या वाढल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली.

हे मी घरी लिहायला हवं होतं. हे खरंही होतं आणि चांगलंही. पण तारीख ठरायच्या तीन आठवडे आधीच मी दुसरंच लिहून बसलो होतो.

मार्चमधला सोमवार. आठवडाभर एकही दार उघडलं नव्हतं. मी रिकाम्या पडद्याकडे बघत होतो, शेजारी कोंदार्को गोल मोजत होता. मी मामिताबद्दल लिहायला घेतलं. लिहिलं, की ती मातीच्या जमिनीच्या घरात राहते. जमीन सिमेंटची होती, मागचं अंगण तेवढं मातीचं. लिहिलं, की आम्हाला जेवू घालून ती स्वतः उपाशी राहते. ती आमच्यानंतर कारागिरांबरोबर जेवायची, आणि चांगली दणकून जेवायची. मग लिहिलं, की तिची लहानगी लेक रोज अनवाणी शाळेत जाते. पुढे लिहिलं, "त्या छोट्या पायांकडे बघून मला आपल्यावरच्या कृपेची जाणीव झाली." हे वाक्य लिहून मला स्वतःलाच भरून आलं. माणूस आपल्या खोट्यावर असा रडू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

वर फोटो जोडला. आदल्या दिवशी लुसेरो अंगणात पाणी मारत होती, जोडे काढून, घोट्यापर्यंत चिखलात. मी म्हटलं, "थांब, फोटो काढतो." ती कमरेवर हात ठेवून नटीसारखी उभी राहिली आणि खदाखदा हसली. मी सात फोटो काढले. सहांत ती हसत होती. मी सातवा पाठवला.

त्या रविवारी बिशपांनी माझं पत्र वाचलं. सोमवारी व्हिडिओ कॉलवर आईचे डोळे सुजलेले दिसले. "सगळे रडले रे! कोर्बिनची आईसुद्धा!" खरं सांगतो, मला आनंद झाला. पुढच्या वाक्याला तो उतरला. "आपण जोडे गोळा करतोय. मुलांनी खोकी ठेवलीत चर्चमध्ये. त्या बाळाला आणि तिच्या गल्लीतल्या सगळ्यांना."

"आई, अगं इथे जोडेच बनतात. तिचा बाप जोडे बनवतो."

"म्हणजे बघ!" आई पुन्हा रडायला लागली. "दुसऱ्यांसाठी बनवायचे आणि स्वतःच्या लेकीच्या पायात नाहीत!"

त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं, कारण हेही तिनं दोनशे बारा जणांना कळवलं. दर सोमवारी मी ठरवायचो, आज सांगतो. दर सोमवारी ती खोक्यांचे फोटो दाखवायची. एका खोक्यापाशी माझा धाकटा भाऊ स्वतःचे फुटबॉलचे बूट धरून उभा होता.

कोंदार्कोला मी सगळं सांगितलं. त्यानं फुटबॉलचं पान बंद केलं.

"देव अक्कल वाटत होता तेव्हा तू कुठे पत्र लिहीत होतास का?"

"जोडे कुणाच्या तरी उपयोगी पडतीलच ना."

"मास्तरला सांग. आजच. जोडे येण्याआधी सांगितलंस तर शिव्या देईल आणि विसरेल. आल्यावर विसरणार नाही."

मी उद्या म्हटलं. असे पाच-सहा आठवडे उद्या म्हटलं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी एल्डर पॅकमचे आई-वडील त्याला न्यायला आले. त्याची दोन वर्षं संपली होती आणि ते आयडाहोतल्या आमच्याच भागातले. त्यांनी कपडे एका बॅगेत कोंबून दोन अजस्र पिशव्या जोड्यांच्या आणल्या होत्या. सभा संपल्यावर चर्चच्या ओसरीत त्या उघडल्या. मास्तर टाय लावून आला होता, सलग तिसऱ्या रविवारी. मामिता प्रत्येकाला सांगत सुटली होती, "दुसऱ्या शनिवारी यायचं हं, केक आहे."

पॅकमबाई मनानं मोठ्या, अंगानंही. त्यांनी लुसेरोला ओळखलं, कारण त्यांच्या हातात माझं पत्र छापलेलं होतं, फोटोसकट. त्यांनी तिला कवटाळलं, मग तिच्या पायांकडे पाहिलं. मास्तरनं स्वतः शिवलेले काळे चकचकीत जोडे, पट्टी आणि छोटं बक्कल. बाई आनंदून काहीतरी म्हणाल्या आणि पॅकमनं इमानदारीत भाषांतर केलं, "आई म्हणते, अरे वा, कुणीतरी आधीच दान दिलेलं दिसतंय!"

मास्तरला कळेना. मामिता हसत होती, पाहुणी हसतेय म्हणून.

"वाचून दाखव ना त्यांना," बाई लेकाला म्हणाल्या. "आपल्या गावाचं त्यांच्यावर किती प्रेम आहे ते कळू दे."

पॅकम वाचायला लागला. पहिली दोन वाक्यं मोठ्यानं. मातीच्या जमिनीपाशी त्याचा आवाज खाली आला. तोही मामिताकडे सहा महिने जेवला होता, जमीन त्याला माहीत होती. उपाशी राहण्यापाशी तो अडखळला आणि माझ्याकडे बघितलं. मी छतावरचा पंखा बघत होतो. अनवाणी पायांपर्यंत येईतो ओसरीतल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या होत्या. मामिताचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, फक्त आता ते कुठे ठेवावं हे तिला समजत नव्हतं.

मास्तर म्हणाला, "हे तू लिहिलंस, गोऱ्या?"

खाली माझं नाव छापलेलं होतं. कागद पॅकमच्या हातात होता. आणि मी म्हणालो, "माझ्या आईचा काहीतरी गैरसमज झालाय. भर तिनं घातलीय."

पाच हजार मैलांवर माझ्यासाठी खोकी भरणाऱ्या आईला मी पुढे केलं. शेजारी कोंदार्कोनं मान खाली घातली. मास्तरनं वाकून पिशवीतला एक जोडा उचलला, उलटा केला, अंगठ्यानं टाच दाबली, तळ वाकवून बघितला. मग दुसरा.

"किती आहेत?"

"चौऱ्याऐंशी जोड!" बाई अभिमानानं म्हणाल्या.

"दुरुस्तीला आलेत ना?" मास्तर म्हणाला. "तुम्ही परत कधी जाता?"

"गुरुवारी," पॅकम पुटपुटला.

"बुधवारी संध्याकाळी घेऊन जा."

त्यानं पिशव्या उचलल्या, रिक्षात टाकल्या, लेकीला पुढे बसवलं आणि गेला. "काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं. पॅकमनं त्या दिवसातलं पहिलं खोटं भाषांतर केलं, "आभारी आहे म्हणाले."

सोमवारी आम्ही जेवायला जायचं की नाही, यावर अर्धा तास वाद घातला. गेलो. दुकानात शाळेच्या जोड्यांचं काम बाजूला सारून चारही कारागीर आमच्या गावाच्या जोड्यांवर बसले होते. कोणी मान वर केली नाही. मामितानं शांबार, म्हणजे गहू-कडधान्यांचं दाट सूप वाढलं, सोमवारी तिथे दुसरं काही शिजत नाही. मग तिनं आणखी एक ताट आणलं, काठोकाठ भरलेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्यासमोर बसली. सावकाश, एक एक चमचा करत, माझ्याकडे बघत तिनं ते सगळं संपवलं.

"बघितलंस ना, एल्डर?" ती म्हणाली. "जेवते मी."

बुधवारी चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी जोड तयार होते. नव्या टाचा, नवे तळ, नव्या नाड्या, पॉलिश, जोडी-जोडीनं कागदात गुंडाळलेले. भावाचे बूटही त्यात होते. त्यांच्या बाजूची उसवलेली शिवण अशी घातली होती की नवी कोणती ते कळू नये. पैशांचं विचारल्यावर मास्तर पॅकमला म्हणाला, "काही नाही. गरिबांकडून कुठे पैसे घ्यायचे?" मग तो कोंदार्कोकडे वळला, माझ्याकडे नाही. "ते शनिवारचं राहू दे." स्वयंपाकघराच्या दारात मामिता उभी होती. तिनं ऐकलं आणि आत गेली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही उपास करतो आणि सभेत ज्याला वाटेल तो उठून मनातलं बोलतो. मी उठलो. सगळं सांगितलं. फोटो, जमीन, आईवर ढकललं तेही. बोलता बोलता रडलो. पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळे पुसले. इथल्या बिशपांनी मिठी मारली, म्हणाले, "किती नम्र पोरगा आहेस!" मी हलका होऊन खाली आलो, जवळजवळ खुशीत.

ओसरीत मामितानं गाठलं. "छान बोललास. सगळ्यांना रडवलंस. पुन्हा."

मी हातातला रुमाल खिशात टाकला.

"ज्याला सांगायचं तो इथून दहा मिनिटांवर बसलाय. त्याच्यासमोर काही रडता येणार नाही, म्हणून इकडे आलास?"

सोमवारी मी दुकानात गेलो आणि मास्तरला सांगितलं. तो चामडं कापत होता, थांबला नाही. शेवटी म्हणाला, "आणि आईला?"

"आज फोन आहे."

"इथून कर."

मी चामड्याच्या कतरणांत उभा राहून फोन लावला. आई आनंदानं फुलली होती. "अरे, त्यांनी सगळे दुरुस्त करून परत पाठवलेत! चुकून आले बहुतेक. पण किती कृतज्ञ असतील बिचारे!" मी तिला थांबवलं आणि सांगितलं. एक एक वाक्य, रडणं न आणता.

"पण बिशपांनी वाचलं होतं ते," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मी सगळ्यांना पाठवलं होतं, बाळा."

"त्यांना मी लिहितो."

"मी भर घातली असं तू म्हणालास त्यांना?"

"हो."

तिनं फोन ठेवला. माझ्या आईनं माझा फोन आधी कधी ठेवला नव्हता.

"काय म्हणाली?" मास्तरनं विचारलं.

"काही नाही."

"बरं." तो पुन्हा कापायला लागला.

मी विचारलं, "मग शनिवारी?"

"शनिवारी मला काम आहे. तुझ्या गावाच्या जोड्यांपायी शाळेची ऑर्डर मागे पडलीय."

दोनशे बारा जणांना मी लिहिलं. ते पत्र आमच्या गावच्या बिशपांनी वाचलं नाही. माझी रागावण्याची काही ऐपत नव्हती, तरी रागावलो.

मास्तर पुन्हा चर्चमध्ये आला नाही. कोंदार्को दुकानात जाऊन बसायचा, दोघं फुटबॉलवर बोलायचे, चर्चचा विषय निघाला की मास्तर मशीन चालू करायचा. लुसेरोच्या बाप्तिस्म्याला मात्र त्यानं ना नाही म्हटलं. आठवडाभर आधी मामितानं मला सांगितलं, "तिला पाण्यात तू धरायचंस."

"मी? मामिता, कोंदार्को धरेल. बिशप धरतील."

"मास्तर म्हणाले, गोराच धरू दे."

"का?"

"ते मी विचारलं नाही. आणि मला काय वाटतं ते तू विचारू नकोस."

जूनमधला शनिवार, तिकडचा हिवाळा, बाहेर धुकं, पाणी थंडगार. हौदाला पुढून काच, दोन बाजूंना दोन साक्षीदार. माणूस पूर्ण बुडाला नाही, केसाची बट जरी वर राहिली, तरी पुन्हा करावं लागतं, ते बघायला हे साक्षीदार. पांढऱ्या कपड्यांत मी आधी उतरलो. काचेपलीकडे पहिल्या रांगेत मामिता बसली होती, हात मांडीवर, आणि माझ्याकडे बघत नव्हती. मास्तर बसलाच नाही. तो आत आला, हौदाच्या पायऱ्यांपाशी उभा राहिला, हातात मोठा टॉवेल. बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाला तिथे एवढंच करता येतं.

लुसेरो उतरली. थंडीनं तिचे दात वाजत होते. तिनं माझा हात धरला, पण मान वळवून बापाकडे बघत होती. मी उजवा हात वर केला, तिचं पूर्ण नाव घेतलं, "लुसेरो बेलेन चावारी," ठरलेले शब्द म्हटले आणि तिला मागे वाकवलं. ती वर आली तेव्हा साक्षीदारानं मान हलवली. कोपर वर राहिलं होतं.

"पुन्हा," बिशप हळूच म्हणाले.

लुसेरो रडवेली झाली. नाकात पाणी गेलं होतं. "बाबा, तुम्ही या ना," ती म्हणाली.

सगळं चर्च ऐकत होतं. मास्तरचा एक पाय पायरीवर आला. पाणी त्याच्या जोड्याच्या टोकाला लागलं. तो तिथेच थांबला, कारण पुढे यायचा त्याला अधिकार नव्हता. तो मिळायच्या वाटेवर मी आडवा बसलो होतो.

"नीट धर तिला," तो मला म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "डावा हात पाठीच्या खाली. मानेला नाही, पाठीला. ती घाबरते."

मी डावा हात पाठीखाली घेतला. त्यानं सांगितलं तसं धरलं. शब्द पुन्हा म्हटले, तिला बुडवलं, वर काढलं. साक्षीदारांनी होकार दिला. ती माझा हात सोडून धावत पायऱ्या चढली आणि टॉवेलात शिरली. मास्तरनं तिला डोक्यापासून गुंडाळलं, उचललं आणि पाठ फिरवून गेला. मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो. उभा राहायची ती जागा त्याची होती.